उभ्या गाडीचं ऑइल

आमच्याकडे सकाळ सातला व्हायची आणि ती एका शब्दाने व्हायची.

"गरम."

बैठकीत खिडकीला लागून असलेल्या पलंगावरून तो शब्द यायचा. मी हातातलं काम टाकून खुंटीवरची किल्ली घ्यायचे, पोर्चमधल्या गाडीत जाऊन बसायचे आणि इंजिन चालू करायचे. पाच मिनिटं गाडी जागच्या जागी गुरगुरत राहायची. मग बंद करायची, किल्ली खुंटीला लावायची आणि पुन्हा गॅसपाशी. असं अडीच वर्षं चाललं. दसरा असो की माझ्या अंगात ताप असो, ती पाच मिनिटं कधी चुकली नाहीत. येणंजाणं बाजूच्या लहान फाटकातून व्हायचं; मोठ्या गेटचं कुलूप मात्र या अडीच वर्षांत एकदाही निघालं नाही.

पलंगावर आमचे हे. निवृत्त होऊन त्यांना पाच वर्षं झाली होती आणि एका सकाळी दाढी करता करता अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. सगळं गेलं नाही, चार शब्द उरले. पाणी, नाही, गरम आणि बयताड. डॉक्टर म्हणाले, असं होतं, काही शब्द अडकून राहतात, कुठले राहतील ते कुणाच्या हातात नसतं. बयताड म्हणजे आमच्या वऱ्हाडात खुळा, बावळट. रागाने म्हणतात तसं मायेनेही म्हणतात. आमच्या घरी तो मुख्यतः माझ्यासाठी वापरला जायचा. सदतीस वर्षं संसार केलेल्या माणसाजवळ माझं नाव उरलं नाही आणि बयताड तेवढा शाबूत राहिला, यावर हसावं की रडावं ते मला आजही कळलेलं नाही.

यातला 'नाही' हा फार फसवा होता. तो 'हो'लाही लागायचा आणि 'नाही'लाही. "पाणी देऊ का जी?" म्हटलं की "नाही" म्हणायचे आणि हात पुढे करून ग्लास घ्यायचे. "खिडकी लावू का?" नाही. लावली तर गप्प, न लावली तरी गप्प. मान हलवायचे, पण तिचाही भरवसा नव्हता. त्यामुळे विचारून काही कळेल ही आशा मी पहिल्या महिन्यातच सोडून दिली आणि आपणच अंदाज बांधायला लागले.

'गरम'चा अंदाज बांधायला पंधरा दिवस लागले. आधी मी चहा आणला, त्यांनी तोंड फिरवलं. मग वाटलं उकडतंय, पंखा वाढवला. मग वाटलं थंडी वाजतेय, चादर घातली. ती त्यांनी डाव्या हाताने फेकून दिली आणि पुन्हा "गरम" म्हणाले. एके दिवशी त्यांचा हात खुंटीवरच्या किल्लीकडे वळलेला दिसला आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गाडी गरम कर! हे त्यांचं नेहमीचं वाक्य होतं. दर रविवारी न्हाणीघरातून आवाज यायचा, "गाडी गरम कर वं." मी जाऊन इंजिन चालू करून ठेवायचे, मग हे इस्त्रीचा सदरा घालून, खिशात घडीचा रुमाल ठेवून बाहेर यायचे आणि स्टेअरिंगवर बसायचे. नेरच्या रस्त्याला वीस-बावीस किलोमीटर जायचं, एका टपरीवर भजी खायची, परत यायचं. यवतमाळचा मे महिना, बॉनेटवर पापड भाजून निघेल असं ऊन, तरी गाडी गरम केल्याशिवाय हे गिअर टाकत नसत.

तर मी धावत जाऊन गाडी चालू केली. खिडकीतून पाहिलं तर यांचा चेहरा उजळला होता. मला इतका अभिमान वाटला की मी ते पुण्याला मुलाला फोन करून सांगितलं. बाबांना गाडीची काळजी आहे, उभी राहून खराब होऊ नये म्हणून रोज चालू करायला सांगतात. मुलगाही गहिवरला.

मी सरकारी कचेरीत टायपिस्ट होते. साहेब सांगतील तेवढं टाईप करायचं, वाक्य अर्धवट आलं तर अर्धवटच ठेवायचं, आपल्या पदरचा शब्द घालायचा नाही, ही माझी ख्याती होती. तीस वर्षं त्याच शिस्तीत गेली. गरम म्हणाले, गरम केली. विषय संपला.

पण संपत नव्हता. पाच मिनिटांनी मी इंजिन बंद केलं की खिडकीतून आवाज यायचा. "नाही. नाही." मग हातातला स्टीलचा पेला पलंगाच्या दांडीवर आपटायचे. ठण् ठण् ठण्. मला वाटायचं, वेळ कमी पडला. मी पाचाची सात मिनिटं केली. मग दहा. पेला आपटायचाच, म्हणून पुन्हा पाचावर आले. एकदा मीही चिडले आणि खिडकीशी जाऊन म्हणाले, "काय जी, दिवसभर चालूच ठेवू का आता? दुसरी कामं नाहीत मले?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "बयताड."

त्या दिवशी मी त्यांच्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नाही. न बोलणाऱ्या माणसाशी अबोला धरायचा, हा प्रकार मी केला आहे, लपवत नाही.

आता खरं सांगायचं तर मला त्या घरात कोंडल्यासारखं व्हायचं. याला दुसरा शब्द नाही. आमचा ले-आऊट, म्हणजे प्लॉटांची नवी वसाहत, गावाच्या टोकाला. दुपारी दोन तास एक बाई यांच्याजवळ बसायला यायची, त्या दोन तासांत मी औषधं, बँक, भाजी उरकायचे आणि घड्याळ बघत परत यायचे. बाकी बावीस तास चार भिंती, कूस बदलणं, पेज, चादरी. उमरखेडला माझी थोरली बहीण असते. तिच्या नातीचं बारसं झालं, मी नव्हते. त्या नातीचा पहिला वाढदिवस झाला, मी नव्हते. तिचा फोन यायचा, "काहून नाही येत वं? एक दिवस ये." मी म्हणायचे, "येईन." फोन ठेवला की गेटपाशी जाऊन गजांना धरून उभी राहायचे. समोरच्या रस्त्याने कोणीतरी कुठेतरी जात असायचं, साधं पीठ घ्यायला का होईना, आणि मला त्यांचा हेवा वाटायचा.

यात सगळ्यांत जास्त राग मला गाडीचा यायचा. लायसन्स माझ्याजवळही होतं. पन्नाशीच्या आत यांनीच मला गाडी शिकवली होती, शेजारी बसून, दर वळणावर बयताड म्हणत. थर्ड गिअरच्या पुढे मी कधी गेले नाही. एकदा भर नाक्यावर गाडी बंद पडली, मागून ट्रकवाले हॉर्न मारायला लागले, हे ओरडले, मी उतरून सरळ ऑटोने घरी आले. त्यानंतर स्टेअरिंग त्यांचं आणि गाडी गरम करणं माझं, अशी वाटणी झाली. आता तर वाटायचं, मला जन्मभरासाठी त्या गाडीच्या पहाऱ्यावर बसवलंय. रोज सकाळी तिच्यात बसायचं आणि कुठेच जायचं नाही. कधी कधी त्या पाच मिनिटांत मी काचा लावून रडून घ्यायचे. इंजिनच्या आवाजात घरात ऐकू जात नाही.

आणखी एक रोजची गोष्ट होती. सात वाजायच्या आधी हे डाव्या हाताने सदऱ्याच्या खिशावर थापट्या मारायचे. त्यात धुतलेला रुमाल घडी करून ठेवावा लागायचा. लाळ पुसायला, असं मी धरून चालले. पण लाळ ते खांद्यावरच्या पंच्याला पुसायचे आणि रुमाल रात्री तसाच घडीचा घडी निघायचा. मी म्हणायचे, काय ही जपून वापरायची खोड.

ऑइलचा विषय मुलाने काढला. पुण्याहून उंटावरून शेळ्या हाकणं हा त्याचा रविवारचा कार्यक्रम. "आई, गाडीचं ऑइल कधी बदललं होतं?"

मी म्हटलं, "अजून वेळ आहे. तीन हजार चारशे किलोमीटर बाकी आहेत."

हे मी अगदी कागद बघून सांगत होते. मागे ऑइल बदललं तेव्हा गॅरेजवाल्याने स्टेअरिंगजवळ एक कार्ड लटकवून दिलं होतं. 'पुढील ऑइल' याच्यासमोर त्याने बेचाळीस हजार लिहिलं होतं. त्याच्या खाली 'तारीख' छापलेलं होतं, तिथे काहीच लिहिलं नव्हतं. मीटरवर अडतीस हजार सहाशेचा आकडा अडीच वर्षं हलला नव्हता. मग ऑइल कशाने खराब होणार? माझा हिशेब स्वयंपाकघरातला होता. तळणाचं तेल दोनदा तळलं की काळं पडतं. लोणच्यावरचं तेल हात लावला नाही तर वर्षभर तसंच राहतं. गाडी चाललीच नाही, म्हणजे तिचं तेल बरणीतलंच.

मुलगा म्हणाला, "बरं. तसंही आपण ती विकूनच टाकू. उभी ठेवून काय करायचंय?"

मला त्या क्षणी काय वाटलं ते सांगते. मला आनंद झाला. गाडी गेली की 'गरम' जाईल. सकाळी सात वाजता मला कोणी हाक मारणार नाही, पेला आपटणार नाही. बहिणीला फोन केला तर ती म्हणाली, "विक वं ते डबडं. अन् माझ्याकडं ये." गाडी विकल्यावर मी उमरखेडला कशी जाणार होते हे तिलाही सुचलं नाही आणि मलाही नाही. यांना काय सांगायचं, हा प्रश्न होता. पण त्यांना विचारून उपयोग काय, उत्तर 'नाही'च येणार आणि त्याचा अर्थ मीच लावणार. मी तो सोयीचा लावून घेतला.

दिग्रसचे एक मास्तर रविवारी गाडी पाहायला येणार होते. त्याआधी शनिवारी सकाळी मी एका मिस्त्रीला घरी बोलावलं, गाडी दाखवण्याजोगी करून ठेव म्हणून. चाळीसेक वर्षांचा, मोठा बोलका माणूस. त्याचं गाव दारव्ह्याकडचा तांडा, गॅरेज इथे आमच्या ले-आऊटच्या पुढे. फोनवर कुणाशी गोरबोलीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीत, काहीतरी हसून बोलत आला, फोन खिशात टाकला आणि बॉनेट उघडलं.

आधी त्याने ऑइलची पट्टी काढून पाहिली, कपड्याला पुसली, पुन्हा बुडवून काढली. वास घेतला. मग इंजिनवरचं ऑइल भरायचं झाकण फिरवून उलटं केलं आणि माझ्यासमोर धरलं. झाकणाच्या आतून दूध जास्त झालेल्या चहाच्या रंगाचा चिकट फेस लागला होता.

"काकू, इंजनात ताक घुसळून राह्यले काय तुमी?"

मी घाबरले. त्याने रेडिएटरचं पाणी तपासलं, ते भरलेलं होतं. "पाणी कमी नाही झालं. म्हंजे आत फुटलं-बिटलं नाही काही. गाडी किती चालते?"

"चालत नाही," मी म्हटलं. "पण रोज गरम करते. पाच मिनिटं. अडीच वर्षांत एक दिवस चुकला नाही." हे मी जरा ताठ मानेने सांगितलं. निदान शाबासकी तरी मिळेल असं वाटलं होतं.

त्याने कपाळाला हात लावला. "थेच तं केलं ना काकू वाटोळं!"

"म्हणजे?"

"थंड्या इंजनाले चालू केलं की आतून घाम सुटते. पाणी तयार होते, थोडं पेट्रोलबी खाली ऑइलात उतरते. गाडी रस्त्यानं अर्धा घंटा धावली की ऑइल तापते अन् थो घाम उडून जाते. तुमी काय केलं? रोज घाम फोडला अन् बंद केलं. रोज घाम फोडला अन् बंद केलं. थे सारं ऑइलातच मुरलं. यापरीस अडीच वर्षं हात नसता लावला तं बरं झालं असतं."

मी कार्ड दाखवलं. बेचाळीस हजार. त्याने ते उलटसुलट पाहिलं. "किलोमीटर चालत्या गाडीसाठी असते. उभ्या गाडीले कॅलेंडर पाहा लागते. चालो का नको चालो, वर्ष झालं का ऑइल बदला. यानं तारीख लिहाची सोडून देल्ली, अन् तुमी बी रिकाम्या जागेले काही विचारलं नाही."

रिकाम्या जागेला विचारायचं नसतं, हे मी तीस वर्षं पाळलेलं. मी पुटपुटले, "पण हेच रोज सांगतात, गरम कर म्हणून."

मिस्त्रीने खिडकीकडे पाहिलं. हे उशीवरून आमच्याकडेच बघत होते. तो मोठ्याने, त्यांना ऐकू जाईल असं बोलला. "काका बराबर सांगून राह्यले! गरम कराच लागते. पण गाडी पोर्चमंधी गरम होत नसते काकू. गेटाच्या बाहीर गेली तवा गरम होते."

खिडकीतून एकदम आवाज आला. "गरम!"

रोजचा नव्हता तो. रोज तो शब्द हुकूम असल्यासारखा यायचा. हा ओरडून आला, आणि लगेच पुन्हा आला. गरम, गरम. मला वाटलं, ऑइल खराब झाल्याचं कळून चिडले. मी मिस्त्रीला म्हटलं, तू तुझं काम कर.

जुनं ऑइल काढायच्या आधी ते पातळ व्हावं लागतं, म्हणून तो म्हणाला, एक चक्कर मारून आणतो, गेट उघडा. कुलूप गंजलं होतं. त्यात किल्लीच फिरेना. शेवटी त्याच गाडीच्या पट्टीवरचं दोन थेंब ऑइल सोडून त्याने ते उघडलं. गाडी मागे सरकत सरकत अडीच वर्षांनी गेटच्या बाहेर गेली. खिडकीत पेला आपटत होता, ठण् ठण्, आणि गाडी कोपऱ्यावरून वळून दिसेनाशी झाली तसा तो थांबला.

इतकं गप्प झालं की मी आत धावले.

हे पलंगावर उठून बसले होते. कोणाच्या आधाराशिवाय. डाव्या हाताने दांडी घट्ट धरलेली, डावा पाय खाली सोडलेला, आणि तो पाय फरशीवर चप्पल शोधत होता. पलंगाखाली त्यांची बाहेरची चप्पल नव्हतीच, ती मी कधीच माळ्यावर टाकली होती. पाय फरशीवर इकडून तिकडे फिरत होता. त्यांचं तोंड दाराकडे होतं. मग दांडी सोडून त्यांनी तो हात खिशावर ठेवला आणि रुमाल आहे ना ते चाचपून पाहिलं.

मी दारातच बसले. खाली, उंबऱ्यावर.

इस्त्रीचा सदरा, घडीचा रुमाल, गाडी गरम कर. हे वाक्य मी पंधरा-सोळा वर्षं ऐकलं होतं आणि त्याच्या पुढे काय यायचं ते मला माहीत होतं. त्याच्या पुढे आम्ही बाहेर पडायचो. हा माणूस रोज सकाळी सात वाजता खिशात रुमाल ठेवून तयार होत होता. मला सांगत होता, चल. मी जायचे, गाडी चालू करायचे, त्यांचा चेहरा उजळायचा, आणि पाच मिनिटांनी मी गाडी बंद करून पोळ्या लाटायला जायचे. अडीच वर्षं. मी समजत होते यांनी मला कोंडून ठेवलंय, आणि राग काढत होते गाडीवर. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथे चोर तरी कोण? कुलूप घालणारी मीच होते, दोघांनाही.

मिस्त्री परत आला. गाडीखाली कापलेला डबा सरकवून त्याने खालचा नट खोलला. जे पडलं ते ऑइल म्हणवत नव्हतं, काळ्या-करड्या आंबिलीसारखी धार होती. ती संपेपर्यंत मी पाहत उभी राहिले. त्याने फिल्टर बदलला, नवीन ऑइल भरलं. म्हणाला, आत थोडं जुनं राहतेच, पंधरा दिवसांनी मी पुन्हा पाहतो, लागलं तं अजून एकदा बदलू. त्यानंतर वर्षातून एकदा, आणि आठवड्यातून एकदा तरी पाऊण तास चांगली पळवायची. नाही जमलं तर चालूच करायची नाही. नवीन कार्ड लिहायला घेतलं तेव्हा मी त्याच्या हातून पेन घेतला आणि तारखेची जागा आधी भरली.

"चालवणार कोण?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, "काकाले उचलून समोरच्या सीटवर बसवू लागशील का?"

त्याने यांना बसवलं तेवढ्यात मी दिग्रसच्या मास्तरांना फोन केला. गाडी द्यायची नाही म्हटलं. ते म्हणाले, "का हो, उभीच आहे म्हणत होत्या ना?" मी म्हटलं, "उभी होती."

त्या गोष्टीला आता बरेच महिने झाले. एका फेरीने कोणी सुटत नाही, तसं लिहून मी कुणाला फसवणार नाही. शनिवारची पाऊण तासाची फेरी सोडली तर बाकी सगळं तेच आहे, तीच पेज, त्याच चादरी, दुपारचे तेच दोन तास. उमरखेड अजून लांब आहे, तिथवर जायला माझी छाती होत नाही. गुरुवार-शुक्रवारपर्यंत मला अजूनही कोंडल्यासारखं होतं. सकाळी सातला 'गरम' आलं तर मी पलंगाशी जाऊन सांगते, "शनिवारी." ते "नाही" म्हणतात. म्हणजे बरं असंच म्हणत असतील, असं आता धरते.

पण ती पहिली फेरी सांगायची राहिली.

मी सीट पुढे सरकवली. क्लच सोडला आणि गाडी गेटच्या मधोमध गचका देऊन बंद पडली. मी डोळे मिटून घेतले, आता येणार बयताड. आला नाही. शेजारी हे पट्ट्यात बांधलेले, मान थोडी कललेली, काचेतून समोर बघत बसले होते. मिस्त्री गेटपाशी उभा राहून "सावकाश काकू, सावकाश" म्हणत होता. दुसऱ्यांदा गाडी निघाली. ले-आऊट संपला, नाका आला, नाक्यावर कोणी हॉर्न मारला नाही. नेरच्या रस्त्याला लागल्यावर मी थर्ड टाकला. मागून एसटी आली, मी तिला जाऊ दिलं. दोन्ही बाजूंना कपाशी उभी होती, मध्ये तुरीच्या ओळी, सगळं होतं तसंच. मग कुठेतरी, मोकळा रस्ता पाहून, मी आयुष्यात पहिल्यांदा चौथा गिअर टाकला. इंजिनचा आवाज एकदम हलका झाला. मी यांच्याकडे पाहिलं नाही, रस्त्यावरून नजर काढायची हिंमत नव्हती.

टपरी होती तिथे आता दुसरंच दुकान झालं होतं. मी पुढच्या कडुनिंबाखाली गाडी बाजूला घेतली. इंजिन चालूच ठेवलं. तेव्हा माझं लक्ष समोरच्या काट्याकडे गेलं. इंजिन किती तापलंय ते दाखवणारा तो काटा अडीच वर्षं मी रोज खालच्या रेघेवर पडलेला पाहिला होता. तो मध्यावर येऊन थांबला होता.

"झाली बघा गरम," मी म्हटलं.

ते काट्याकडे बघत होते. मला पुढचं विचारायची भीती वाटत होती, कारण उत्तर काय येणार ते ठाऊक होतं. 'नाही' येणार, आणि ते हो आहे की नाही हे मला मरेपर्यंत कळणार नाही. तरी विचारलं. "रोज हेच म्हणत होता का जी? मले घेऊन चल म्हणून?"

त्यांनी मान वळवली. माझा चेहरा काय झाला होता कोण जाणे, मला नीट दिसतही नव्हतं. त्यांचा डावा हात सावकाश खिशाकडे गेला. रुमाल बाहेर आला. बोटांनी त्याची घडी मोडायला त्यांना वेळ लागला, मी मदत केली नाही. मोकळा झालेला रुमाल त्यांनी माझ्यापुढे धरला.

"बयताड," ते म्हणाले.